हातभर मागं

पुणे,
२० ऑगस्ट २०२४

आरोही वहिनींना सप्रेम नमस्कार.

या पत्राच्या घडीत मेमरी कार्ड ठेवलं आहे. नखाएवढंच आहे, म्हणून पाकीट उभ्या उभ्या फोडू नका, खाली बसून उघडा. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला मी दोनदा सांगितलं आहे की अमरदादाच्याच हातात द्यायचं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर तो म्हणाला, "ताई, सोनं हाय का त्यात?"

एवढ्यासाठी पत्र कशाला, असं तुम्हांला वाटेल. व्हॉट्सॅपवर गाणं पाठवलं की ते आकसतं आणि मला जे तपासून हवं आहे नेमकं तेच त्यातून जातं. फोन करावा तर तुमच्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि आत्या शेजारी बसलेली. तिच्यासमोर तुम्ही मला खरं सांगणार नाही.

मे महिन्यात आत्याच्या माजघरात गोधड्या टांगून आपण देवीच्या आराध्यांची गाणी रेकॉर्ड केली, तीच ही. आत्या ओळ सोडते आणि कस्तुराकाकू मागून ती उचलून धरतात. काकूंची झील मी खूप मन लावून केली आहे. एकट्या बाईचा आवाज, पण ऐकताना वाटावं की सगळा मेळा आत्याच्या पाठीशी उभा आहे.

स्टुडिओतल्या स्पीकरवर आणि माझ्या हेडफोनवर हे छान वाजतं. पण माकणीत कुणाकडं असले स्पीकर नाहीत. म्हणून हे कार्ड तुम्ही फोनवर ऐका, देवळाच्या कर्ण्यावर लावा, दादाच्या जीपमध्ये लावा. काय ऐकू येतं आणि काय येत नाही ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. स्टुडिओत दीड वर्ष दुसऱ्यांची कामं केली, हे पहिलं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझं आहे. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या हातून काही बिघडलं तर लोक म्हणणार, शिकून बिघडवलं.

तुमची,
सृष्टी

*

माकणी,
२६ ऑगस्ट

प्रिय सृष्टीताई,

खाली बसून उघडलं. कार्ड सापडलं. आता तुम्ही पाणी प्या.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळीकडं लावलं, फक्त जीप राहिली. तिचं क्लच गेलंय, ती लोहाऱ्याला गॅरेजात उभी आहे आणि तुमचे दादा घरात बसून मला स्वयंपाक शिकवतायत. आत्याच्या मुलावर पहिला हक्क मामाच्या मुलीचा असतो. तुम्ही पुण्याला निघून गेलात म्हणून हे रत्न माझ्या पदरी पडलं, एवढं लक्षात असू द्या.

फोनवर संबळ पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. जाड बाजूचा आवाज येतच नाही. देवळाच्या कर्ण्यावर झांज कानात टोचते, पण आत्यांचा आवाज असा स्वच्छ येतो की धरणाच्या भिंतीपर्यंत शब्द कळतो. शुक्रवारी आरतीनंतर लावलं तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली. सोमलिंगमामा म्हणाले, "गजराबाई, चाळीस वर्सं आमी तुमाला ऐकतोय, पर ऐकलं आज." आत्या पदरानं तोंड पुसत बसल्या. मी त्यांना इतकं लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी माझा फोन मागतात.

कस्तुराकाकूही आल्या होत्या. तिसऱ्या गाण्यालाच उठून गेल्या. मेंढरं यायची वेळ झाली असेल.

तुम्ही खरं सांगा म्हणालात, तर खरं हेच. चांगलं झालंय.

आरोही

*

पुणे,
३१ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. संबळाचं पटलं. फोनच्या बारक्या स्पीकरला जाड आवाज पेलत नाही. मी त्याची थाप थोडी वर उचलते, म्हणजे जाड बाजू ऐकू आली नाही तरी कानाला तिची जागा कळेल. झांज कमी करते.

पण एक विचारायचं आहे. तुम्ही आत्याबद्दल सगळं लिहिलं आणि काकूंच्या झिलीबद्दल एक ओळसुद्धा नाही. आवडली नाही का? फार मोठी झाली का? काकू स्वतः काय म्हणाल्या? मेंढरं अंधार पडायला येतात आणि देवळातली आरती उजेडात होते, हे मलाही माहीत आहे.

सृष्टी

*

माकणी,
९ सप्टेंबर

सृष्टीताई,

उत्तराला उशीर झाला. पोळा झाला, गणपती बसले, ही कारणं आहेत. पण खरं कारण असं की काय लिहावं ते सुचत नव्हतं.

कस्तुराकाकू सरावाला येत नाहीत. दोनदा बोलावणं पाठवलं तर मेंढीला बरं नाही म्हणाल्या. काल मीच त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर गेले. त्या कुंपणाला काटेरी झापा लावत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मेंढी बरी हाय. तुमी जावा."

मी म्हटलं, "काकू, झालं तरी काय?"

"काय व्हायचंय. पोरगी शिकली, तिनं आपली आत्या ठिवली आन् मला काढली. बराबर हाय. ती शेतवाल्याची, मी मेंढरामागची. नुसतं आदी सांगायचं की. म्या दिवसभर घसा फोडला नसता. मेंढरं उपाशी ठिवून आलते त्या दिशी."

घरी येऊन मी फोनवर गाणं परत लावलं. सृष्टीताई, काकू खरंच त्यात नाहीत. आत्यांची ओळ संपते, मग नुसता संबळ वाजतो, मग आत्यांची पुढची ओळ येते. कर्ण्यावरही तसंच होतं. आम्ही सगळे आत्यांच्या आवाजात एवढे गुंगलो की ती जागा रिकामी आहे हे कुणाला कळलंच नाही. मलाही नाही, आणि मी तर सांगायलाच बसले होते.

आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय त्या मिशनीतलं कळतंय?" आणि निवडायला डाळ घेतली. डाळ निवडलेली होती.

घटस्थापना ३ ऑक्टोबरला आहे. झील धरणारी नसेल तर मेळा बसत नाही, हे तुम्हांला मी काय सांगणार. दुसरी कुणी बघू म्हटलं तर आत्या बोलत नाहीत.

आता सरळ विचारते, राग मानू नका. तुम्ही काकूंना काढलं का?

आरोही

*

पुणे,
१२ सप्टेंबर

वहिनी,

नाही काढलं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी कामावर होते. हेडफोन लावून गाणं ऐकलं. काकू होत्या. सगळीकडं होत्या. मला वाटलं, तुम्हां सगळ्यांना भास होतोय. मग वाटलं, मलाच होतोय. काकूंना चौथ्या गाण्यात एकदा खोकला आला होता आणि तेवढ्या जागी मी त्यांचा आवाज खाली घेतला होता. रात्रभर मी तोच विचार करत राहिले, की खोकल्याचं निमित्त करून आणखी कुठं कुठं मी त्यांना खाली केलं असेल का. आत्या माझी आहे. माणूस आपल्या माणसाचा आवाज नकळत वर ठेवतं का?

आज सकाळी परत तुमचं पत्र काढलं आणि तुम्ही कुठं कुठं ऐकलं ते वाचलं. फोन. कर्णा. दोन्हींना आवाज बाहेर पडायला तोंड एकच. मग मी आमच्या यंत्रावर डावा आणि उजवा आवाज एकत्र करायचं बटण दाबलं. काकू गेल्या. दिवा विझावा तशा गेल्या.

काय झालं ते सांगते. काकूंचा आवाज मोठा वाटावा म्हणून मी तो दोन्ही बाजूंना ठेवला आणि एका बाजूला उलटा करून ठेवला. डावीकडं आवाजाची लाट पुढं येते तेव्हा उजवीकडं ती मागं जाते. दोन कानांत दोन वेगळ्या लाटा गेल्या की माणसाला वाटतं, आवाज चहूबाजूंनी येतोय. पण त्या दोन्ही एकाच कर्ण्यात शिरल्या की एकमेकींना मारतात. एका दाराला दोघांनी दोन बाजूंनी सारखाच जोर लावला तर दार हलत नाही, तसं. जोर दोघांचाही असतो, पण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दाराला कुणी हातच लावला नाही.

हे मी एका व्हिडिओत बघून शिकले होते. एकत्र करून तपासायचं असतं हेही शिकले होते. तपासलं नाही, कारण ऐकताना मला फार छान वाटत होतं. तुम्हांला तीन ठिकाणी ऐकायला लावलं आणि स्वतः स्टुडिओबाहेर कुठंच ऐकलं नाही.

नवीन कार्ड सोबत आहे. यात काकू सरळ मधोमध आहेत. कर्ण्यावर येतीलच, मी तीन फोनवर आणि खालच्या रसवंतीवाल्याच्या स्पीकरवरही ऐकलंय. काकूंना आधी ऐकवा. माझ्याकडून काय सांगायचं ते मला लिहिता येत नाही. मी फोन केला होता, त्यांनी उचलला नाही.

सृष्टी

*

माकणी,
१९ सप्टेंबर

सृष्टीताई,

कार्ड मिळालं. काकू त्यात आहेत. मी फोन घेऊन त्यांच्या वाड्यावर गेले आणि मेंढरांच्या मधे उभी राहून लावला. त्यांनी एक गाणं पुरतं ऐकलं. मग म्हणाल्या, "आता घातलं व्हय? रडणाऱ्या पोराच्या हातात गुळाचा खडा द्यावा तसं."

मी त्यांना दाराचं सांगितलं, लाटेचं सांगितलं. मला तरी नीट कुठं कळलंय. त्या म्हणाल्या, "सूनबाई, देवळात पन्नास माणसं व्हती. पन्नास जणांस्नी म्या ऐकू आले न्हाय. आन् तू म्हणतीस, म्या व्हते."

मी फोन बंद केला आणि परत आले.

पण एक सुचलंय. जीप दुरुस्त होऊन आलीय. मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना एकेक स्पीकर आहे. म्हणजे तुमचं पहिलं कार्ड, ज्यात काकू नाहीत असं सगळे म्हणतात, ते जीपमध्ये लावलं तर त्या त्यात सापडतील, बरोबर ना? काल मी बसून पाहिलं. सापडतात. काकू येत्या बाजाराला लोहाऱ्याला जाणार आहेत, लोकर विकायला. आमच्याच जीपनं जातात. मी काही न बोलता कार्ड लावून देणार आहे. आपोआप कळू दे.

आरोही

*

पुणे,
२२ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र ट्रॅव्हल्सवाल्याला आज रात्रीच्याच गाडीला देतेय, बाजाराच्या आत पोचावं म्हणून.

कृपा करून न सांगता लावू नका. एकदा त्यांना न विचारता त्यांच्या आवाजाचं काहीतरी केलं, म्हणून तर हे झालं. आता परत न विचारता त्यांना काही ऐकवायचं? चारचौघांत, गाडीत कोंडून? आधी सांगा की हे पहिलंच कार्ड आहे. ऐकायचं नाही म्हणाल्या तर लावू नका. त्यांना पटलं नाही तरी चालेल.

चालणार नाही, मला कळतं. तरीही.

सृष्टी

*

माकणी,
२८ सप्टेंबर

सृष्टीताई,

तुमचं पत्र वेळेत पोचलं. वाचून मला तुमचा राग आला, मग राग गेला. तुम्ही म्हणालात तसंच केलं.

ऐन निघताना आत्या म्हणाल्या, "म्या बी येते." त्यांना बाजारात काही आणायचं नव्हतं. पुढं दादांच्या शेजारी बसल्या. काकू मागं, लोकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन, बरोब्बर मधे. मी त्यांच्या समोरच्या बाकड्यावर आणि माझ्याशेजारी अचलेरचे कल्याणप्पा, ते असतातच. काकूंनी आणि आत्यांनी एकमेकींकडं बघितलं नाही.

मी म्हटलं, "काकू, पहिलं कार्ड लावते. तेच, देवळातलं. ऐकायचं नसंल तर सांगा."

"लाव. काढल्यालं माणूस कसं दिसतंय बघू तरी."

आत्यांची ओळ आली. मग झील आली. काकूंनी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, मग वर छताकडं. गाठोडं घट्ट धरलं. कल्याणप्पा म्हणाले, "काकू, ह्या तुमीच की."

काकू दुसरं गाणं संपल्यावर म्हणाल्या, "ही म्या हाय?"

"व्हय काकू."

"मग देवळात कुठं गेलते?"

मी परत दाराचं सांगितलं. या वेळी त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी हितं बसलं की म्या हाय आन् देवळात बसलं की न्हाय."

"व्हय."

"आन् ही दोन्हीकडं अशी लांब लांब कशापायी उभी केली मला? म्या गजराच्या मागं हातभर ऱ्हाते. तिचा पदर माज्या मनगटाला लागतो. पदर हलायचा थांबला की मला कळतंय, ही आता ओळ सोडणार. एवढ्या लांबून काय कळणार मला, डोंबल?"

तुम्हांला सांगा म्हणाल्या. सांगितलं.

मग पुढून, मागं न वळता, आत्या म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"तू न्हाईस त्यात. पयल्या दिशीच कळलं. बोलले न्हाय."

दादांनी आवाज कमी केला. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं, मोठाच ठिव." मग आत्यांना, "का न्हाय बोललीस?"

"समदी म्हणली, आवाज लई चांगला आलाय. मला बरं वाटलं."

"बरं वाटलं व्हय."

"चार दिस वाटलं. मग एकटी असताना त्याच्यासंगं म्हणून बघितलं. दम घ्यायला जागाच सापडंना. वळ संपली की म्या आपली उगंच तोंड उघडं टाकून हुबी."

कल्याणप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मीही बाहेर बघितलं. सोयाबीन पिवळं पडलंय सगळीकडं.

काकू म्हणाल्या, "मेली असतीस की."

"मेलेच असते."

मला वाटलं, मिटलं. पण लोहाऱ्यात उतरताना काकूंनी दादांच्या हातात भाड्याचे पैसे ठेवले. त्यांच्याकडून आम्ही कधी भाडं घेत नाही. दादा नको नको म्हणाले, तर त्यांनी सीटवर टाकले आणि गाठोडं डोक्यावर घेऊन चालू पडल्या. परत येताना त्या एसटीनं आल्या.

घटस्थापनेला येणार की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. आत्यांनी तुणतुण्याची तार बदलून ठेवलीय आणि रोज तिला हात लावून बघतात.

आरोही

*

पुणे,
३० सप्टेंबर

वहिनी,

हे तिसरं कार्ड. यात काकू आत्याच्या मागं हातभर आहेत. कसं केलं ते सांगत बसत नाही. आवाज थोडा मागं सरकवला, माजघराचा घुमारा दोघींना सारखाच ठेवला आणि आत्याचा श्वास, जो मी आधी साफ करून टाकला होता, तो परत आणला. आत्या श्वास घेते आणि त्याच्या शेवटाला काकू सुरू होतात. मी ते श्वास कचरा म्हणून काढले होते. काकूंना पदरावरून जे कळतं, ते ऐकणाऱ्याला श्वासावरून कळत असणार.

खोकलाही ठेवलाय. काकूंना नको असेल तर काढते, त्यांना विचारा.

आमच्या सरांनी ऐकलं. म्हणाले, पहिलं भव्य होतं, हे साधं वाटतं. मी म्हटलं, हो सर. पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर मी बसून परत सगळं बदललं असतं.

मला सुट्टी नाही. नवरात्राची रेकॉर्डिंगं सुरू आहेत. मी तिथं असते तरी काय केलं असतं, कुणास ठाऊक. बहुतेक काकूंच्या पाया पडून त्यांना आणखी अवघडून टाकलं असतं. ३ तारखेला काय होईल ते कळवा. त्या आल्या नाहीत तरी कळवा.

सृष्टी

*

माकणी,
४ ऑक्टोबर

सृष्टीताई,

तुम्ही काल सकाळपासून जीव मुठीत धरून बसला असणार आणि मी मुद्दाम फोन केला नाही. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

कार्ड वेळेत आलं, पण लावलं नाही. आत्या म्हणाल्या, "आज मिशन नगं."

घट बसला. देवळापुढं बाया जमल्या, शेजारच्या करिश्माच्या सासूबाईंनी संबळवाल्याला चहा दिला. कर्ण्याचा माइक आत्यांच्या तोंडासमोर लावला. आत्या तुणतुणं मांडीवर घेऊन बसल्या आणि बसूनच राहिल्या. पुजारी म्हणाला, "गजराबाई, करा की सुरू." त्या म्हणाल्या, "थांबा." थोड्या वेळानं परत म्हणाला. त्या परत म्हणाल्या, "थांबा." मग बायका आपसांत कुजबुजायला लागल्या आणि एकीनं मला खूण केली की तूच धर झील. मी धरली असती, सृष्टीताई, पण आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी आपली झांज पुसत बसले.

अंधारायला लागलं तेव्हा काकू आल्या. पायाला चिखल, कपाळावर मळवट. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "काय गं, अजून सुरू न्हाय केलं?"

"कुणाच्या जिवावर करू?"

"मेंढी याली. दोन कोकरं झाली. टाकून येऊ काय?" एवढं बोलून आत्यांच्या मागं जाऊन बसल्या, हातभर. मी मुद्दाम बघितलं. पदर मनगटावर होता.

पहिली दोन कडवी नेहमीसारखी झाली. तिसऱ्याला आत्यांनी अर्ध्यातच ओळ सोडली. काकूंनी ती उचलून पुरी केली आणि वाट बघितली. आत्या पुढची ओळ म्हणेनात. संबळ वाजतोय, तुणतुणं वाजतंय, आत्या तोंड मिटून बसल्यात. काकूंनी मागून त्यांना कोपरानं ढोसलं. आत्यांनी मान न वळवता माइकचं तोंड मागं फिरवलं.

तेव्हा काकूंनी पुढची ओळ एकटीनं म्हटली. सुरुवातीची, आत्यांची ओळ. त्यांना ती पाठ असणारच, पण ती त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती, गावानंही नसेल. आवाज जरा कापला आणि मग सरळ झाला. ओळ संपली आणि मागून झील आली. झील आत्यांनी धरली.

मी उठून रस्त्यावर गेले, तुमच्यासाठी, कर्ण्यातून कसं येतंय ते ऐकायला. पारावर सोमलिंगमामा कान देऊन उभे होते. मला म्हणाले, "ही कोण म्हणतीया गं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आं?" आणि आणखी दोन पावलं पुढं सरकले.

मेळा उठल्यावर काकू आत्यांवर उखडल्या. "इसरलीस व्हय गं? चाळीस वर्सं म्हणतीस आन् भर देवळात इसरलीस?"

आत्या परडी आवरत होत्या. म्हणाल्या, "व्हय. इसरले."

"उद्या इसरू नको."

"बघू," आत्या म्हणाल्या.

आरोही